कटर सगळ्यात शेवटी घ्या, गुरुजी

"काका, नमस्कार. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. पोरांना दाखवायला स्वतःच्या हातानं एक छोटं स्टर्लिंग इंजिन (गरम हवेवर चालणारं) बनवायचं लई दिवसांचं डोक्यात होतं, म्हणून गेल्या महिन्यात ओळखीतून सेकंड हँड टेबलटॉप मिलिंग मशीन घेतली. घरच्या लाईटवर चालते, स्पिंडल एमटी 3 आहे (मोर्स टेपर 3 नंबर, म्हणजे निमुळतं भोक), स्पीड मिनिटाला 2500 फेऱ्यांपर्यंत असं प्लेटवर लिहिलंय. सोबत एक ड्रिल चक आणि दोन गंजके कटर आले, बाकी काही नाही. टूलिंगला 15 हजार बाजूला काढलेत, त्याच्यावर एक रुपया जाणार नाही असं घरी कबूल केलंय. ऑनलाईन कार्टात सध्या 20 नगांचा कार्बाइड एंड मिल (टोकानं आणि बाजूनं कापणारं कटर) सेट, 50 एमएमचा इन्सर्टवाला (बदलायच्या धारेच्या तुकड्यांचा) फेस मिल, 4 इंची रोटरी टेबल (जॉब गोल फिरवणारं) आणि 58 नगांचा क्लॅम्पिंग सेट आहे. कटर सध्या ड्रिल चकातच पकडीन, वाइस (जॉब आवळून धरायचा शिकंजा) ड्रिल मशीनचा आहे तो चालून जाईल. ऑर्डर टाकू का?"

नका टाकू गुरुजी. आधी ते कार्ट रिकामं करा मग बोलू. रागावू नका, पण तुमची यादी वाचून मला हसूच आलं, कारण वाळूजला टूलरूममध्ये नवा नवा लागलो तेव्हा माझ्या मनातली यादी पण अश्शीच होती, कापायचं सामान बक्कळ आणि पकडायचं काहीच नाही, म्हणजे लग्नाला आचारी चार सांगितले आणि चुलीचं कुणी बघितलंच नाही.

लेथवर कसं, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल एका जागी गप बसून सलग कापतं. मिलिंगमध्ये कटर फिरतं आणि प्रत्येक दात आला की जॉबला एक टोला देऊन जातो. चार दातांचं कटर 800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 800 फेरे, फिरलं तर मिनिटाला 3200 टोले. हे टोले खाऊन जॉब हलला नाही पाहिजे आणि कटर पण हललं नाही पाहिजे, सगळं मिलिंग एवढ्यावर उभंय. म्हणून तुमच्या 15 हजारातला मोठा हिस्सा पकडण्यात घाला, मग मोजण्यात, आणि उरलं ते कटरला.

आता ड्रिल चकाचं. त्यात कटर पकडायचं नाही, एकदा पण नाही, "हलकाच कट घेतो" म्हणून पण नाही. ड्रिल चकाचे जबडे शँकला, म्हणजे कटरच्या मागच्या दांड्याला, तीन रेघांवर धरतात, सरळ खाली जाणाऱ्या ड्रिलला तेवढं पुरतं, पण एंड मिलला बाजूनं दाब येतो आणि वरून त्याचा पीळ असा असतो की कापता कापता कटर स्वतःला खाली ओढत राहतं. आमच्याकडं एका अप्रेंटिस पोरानं सुपरवायझर जेवायला गेलेला बघून असंच चकात 10 चं कटर धरून खाच मारली, 5 एमएम खोल पाहिजे होती, सुरवातीला 5 च होती, आणि दुसऱ्या टोकाला 7 च्या वर भरली. कटर हळूहळू चकातून खाली उतरत गेलं आणि पोरगं बघत उभं. बरं ते तरी नशिबाचं, कारण चक आणि त्याचा आर्बर (चक ज्या दांड्यावर बसतो तो) यांच्यात पण नुसता एक टेपरच, निमुळती बैठक, असतो, थरथरीनं तो सुटला की फिरतं चक कटरसकट खाली येतं. तर ड्रिल चक ठेवा, टाकून देऊ नका, भोकं पाडायला लागणारच आहे.

त्याच्या जागी एमटी 3 शँकचा ईआर 25 कोलेट चक घ्या, कोलेट म्हणजे चिरा पाडलेली बाही, नट आवळलं की शँकला सगळीकडून धरते. ईआर 32 पण मिळतो, त्यात 20 एमएमपर्यंत शँक जातो, 25 मध्ये 16 पर्यंत. तुमच्या मशीनला 16 च्या वरचं कटर झेपणारच नाही आणि 25 चं नट लहान असतं, छोट्या मशीनवर स्पिंडल आणि टेबलमधली उंची आधीच कमी, तिथं एक एक सेंटिमीटर महाग. कोलेटचा पूर्ण सेट घ्यायची गरज नाही, दुकानदार सेटच गळ्यात मारायला बघतो, तुम्ही 6, 10 आणि 12 असे तीनच सुटे मागा. 8 कामून नाही? तर एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंड मिलचे शँक बहुतेक ठरलेले असतात, 3 पासून 6 पर्यंतच्या कटरला शँक 6 चा, 8 च्या आणि 10 च्या कटरला शँक 10 चा, 12 ला 12 चा. घेताना व्हर्नियर लावून शँक बघा एवढंच.

आणि कोलेट बसवायची पद्धत आत्ताच शिकून ठेवा कारण नव्वद टक्के लोक इथं चुकतात. कोलेट आधी नटात घालायचा, जरा तिरका करून दाबला की टक्‌ असा आवाज येऊन तो आतल्या रिंगेत बसतो, मग त्यात कटर घालायचं, आणि मग नट चकावर लावायचं. कोलेट आधी चकात टाकून वरून नट आवळलं तर तो तिरका बसतो, कटर डुगडुगतं, आणि सोडताना कोलेट आतच अडकून बसतो मग पक्कड घेऊन त्याच्याशी झटापट. कटर न घालता रिकाम्या कोलेटवर नट आवळू नका, तेवढ्यानं पण कोलेट वाया जातो.

एमटी 3 शँकचं एक लफडं सांगतो, ते मी स्वतः पैसे घालून शिकलोय. नोकरी सुटल्यावर घरी बारकी मशीन घेतली तेव्हा एका दुकानात फोन केला, एमटी 3 चा होल्डर द्या म्हणलं, आला, खोकं उघडलं तर शँकच्या मागच्या टोकाला चपटी जीभ, आटे नाहीतच. तो ड्रिल मशीनचा आणि लेथच्या टेलस्टॉकचा शँक. मिलिंगचा एमटी 3 वेगळा, त्याच्या मागं आतून आटे असतात आणि वरून ड्रॉबार, म्हणजे लांब बोल्ट, येऊन त्याला ओढून धरतो, जिभेवाला मिलिंगवर लावला तर थरथरीनं निसटून पडणार. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणे तुम्ही एमटी 3 मागितला मी एमटी 3 दिला, आणि तसं बघितलं तर त्याचं खरंच होतं, चूक माझ्या तोंडाची. म्हणून तुम्ही ड्रॉबार खोलून बाहेर काढा आणि त्याचे आटे मोजा, बहुतेक एम12 निघतील पण 3/8 इंचीवाल्या पण मशीन आहेत, मग दुकानात जाताना ड्रॉबार खिशात घालून जा आणि तिथंच होल्डरमध्ये फिरवून बघा. लांब असतो, बसमध्ये लोक बघतील, बघू द्या.

टेपर अडकला तर ड्रॉबार अर्धा आटा ढिला करून वरून तांब्याच्या हातोडीनं एक टिचकी द्यायची, पूर्ण सोडून मग ठोकलं तर आट्यांच्या शेवटच्या एक दोन फेऱ्यावर मार बसतो आणि आटे जातात. आणि ड्रॉबार आवळताना ट्रॅक्टरचं चाक आवळायलात असं आवळू नका.

वाइस. इथं हात आखडू नका. ड्रिल मशीनचा वाइस चालून जाईल म्हणता, तर एक प्रयोग करा, विज्ञानाचे शिक्षक आहात तुम्हाला आवडेल. वाइसमध्ये एक सपाट पट्टी ठेवा, म्हणजे ॲल्युमिनियमचा चौकोनी ठोकळा असेल तर उत्तम, आणि त्याच्या चारी कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची एक एक बारीक चिंधी सरकवा. आता वाइस आवळा. आवळून झाल्यावर चिंध्या ओढून बघा. स्थिर जबड्याकडच्या दोन घट्ट बसल्या असतील आणि हलत्या जबड्याकडच्या दोन अलगद निघून हातात येतील. म्हणजे आवळता आवळता हलता जबडा वर उचलला गेला आणि जॉबला घेऊन वर गेला. आता त्या ठोकळ्यावर तुम्ही कितीही भारी कटर फिरवा, वरची बाजू सपाट दिसेल, चमकेल पण, पण खालच्या बाजूला समांतर नसेल, आणि तुम्ही चार दिवस मशीनला शिव्या देत बसाल. वरून ड्रिलच्या वाइसचं ओतकाम हलकं, बाजूचा टोला त्याला झेपत नाही.

तुमच्या टेबलच्या मापाला मी टूलमेकर वाइस सुचवीन, काही दुकानात त्याला ग्राइंडिंग वाइस म्हणतात, तीन इंची किंवा त्याच्या जवळपासचा. त्यात लांब स्क्रू नसतो, हलत्या जबड्याला तिरपा बोल्ट असतो जो आवळला की जबडा पुढं पण ढकलतो आणि खाली पण दाबतो, म्हणून जॉब उचलला जात नाही. सगळ्या बाजूंनी ग्राइंड केलेला असतो त्यामुळं आडवा उभा कसा पण ठेवा, गुण्यातच (काटकोनात) राहतो. उंचीला ठेंगणा, हे पण तुमच्या फायद्याचं. तोटा एकच, जबडा उघडझाप करायला त्रास, बोल्ट एका खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकत बसावं लागतं, दिवसाला 200 जॉब काढणाऱ्याला हे परवडत नाही पण तुम्हाला कुठं 200 काढायचेत. दुकानात घेताना तीच कागदाची परीक्षा तिथं घ्या, लाजू नका, कागद खिशात घेऊन जा. नवा घ्यायचा पैसा पुरत नसला तर वाळूज किंवा चिकलठाण्याला बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान विकणारे असतात, तिथं जुना पण चांगल्या कंपनीचा मिळाला तर उचला. जबड्यावर ड्रिलची भोकं पडलेली असली तर मात्र ठेवून द्या.

चांगला वाइस येईपर्यंत जुन्यावर काम भागवायचं असेल तर हलता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये आडवा एक गोल बार ठेवून आवळा. मग दाब एका रेघेवरच येतो आणि जॉब स्थिर जबड्याला चिकटून बसतो. जुनी युक्ती आहे, टूलरूममध्ये सगळे करतात.

मोजायला एक डायल, म्हणजे काट्यावर बारीक फरक दाखवणारं घड्याळ, लागणारच. आपल्याकडं सगळे जिला पपी म्हणतात ती लिव्हरवाली मिळाली तर बरं, नाही तर साधी प्लंजरवाली, 0.01 ची, आणि सोबत मॅग्नेटिक बेस. शाळेच्या लॅबमधल्या व्हर्नियरवर काढू नका गुरुजी, त्याचं लघुत्तम माप 0.1 एमएम, पोरांना शिकवायला ठीक, इथं निदान 0.02 चा व्हर्नियर पाहिजे. डायल स्पिंडलला अडकवून मशीन बंद ठेवून हातानं गोल फिरवायची आणि टेबलवर चारी दिशांना काटा किती हलतो बघायचं, सेकंड हँड मशीन टेम्पोत घालून आणलेली म्हणजे कॉलम जागेवर असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. 200 एमएम व्यासाच्या घेऱ्यात 0.02 – 0.03 एमएमच्या आत आलं की तुमच्या कामाला बास. मग त्याच डायलनं वाइसचा स्थिर जबडा टेबलच्या चालीला सरळ करायचा. हे दोन्ही होईपर्यंत कटर लावू पण नका.

आता कटर, आणि तुमचा तो 20 नगांचा कार्बाइड सेट. कार्बाइड वाईट नाही. पण हिशोब करा, तुमच्या हातचा मळ आहे. आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले 1000, भागिले 3.14 गुणिले कटरचा व्यास. ॲल्युमिनियममध्ये कार्बाइडला मिनिटाला 200 मीटर सहज चालतं, 6 च्या कटरला त्याचे झाले 10,600 आरपीएम. तुमची मशीन 2500 ला थांबते. म्हणजे ज्या गोष्टीचे जास्त पैसे मोजले ती वापरताच येत नाही, आणि कार्बाइडचा जो दोष, ठिसूळपणा, तो मात्र पूर्णच्या पूर्ण पदरात, छोटी मशीन थरथरली की धारेचा कोपरा उडाला. उलट एचएसएसला एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं लोखंड) 25 मीटर धरा, 10 च्या कटरला 800 आरपीएम, ॲल्युमिनियमला 75 मीटर धरा, झाले 2400. जणू तुमच्या मशीनसाठीच केलंय.

शिवाय तुमच्या इंजिनमध्ये मिलिंगचं काम किती ते पण बघा. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील हे सगळं लेथचं, ते तुम्हाला औशात नाही तर लातूरला कुणाकडून करून घ्यावं लागणारच. मिलिंगवर उरतं काय तर बेस प्लेट, बेअरिंगचे खांब, फ्लँजची भोकं, एखादी खाच. त्याला ॲडिसन नाही तर मिरांडाचे तीन एंड मिल बास झाले, 6 आणि 10 चा दोन दातांचा, ॲल्युमिनियम पितळ आणि खाचेसाठी, आणि 12 चा चार दातांचा, एमएसच्या कडा मारायला. वर एक सेंटर ड्रिल, भोकाची सुरवात करायला. साधं एम2 एचएसएस चालेल, कोबाल्टवालं नको. चौथं कटर कधी घ्यायचं? एखादं काम अडून बसलं की. रीग्राइंड केलेले पण मिळतात, स्वस्त पडतात, फक्त 10 चं कटर धार लावून 9.8 झालेलं असतं, कडा मारायला काही फरक नाही पण खाच मारली की बारीक भरते. घेताना कोपऱ्याला भिंग लावून बघा, तिथला चमकणारा बारीक ठिपका म्हणजे धार मेलेली.

मटेरियलवरून आठवलं. बांधकामाचे उरलेले टीएमटी बार घरी पडलेत म्हणून त्यातून पार्ट काढायचा मोह होतो, जालन्याचं स्टील आपल्या दारोदार आहे. पण टीएमटीला गरम असताना पाणी मारून वरची साल मुद्दाम कडक केलेली असते, तुमचं नवं एचएसएस त्या सालीवर घासून जाईल. गाडीच्या कमानीच्या पाट्याचं पण तेच. एमएसची ब्राइट बार आणा, लोणी कापल्यासारखी कापते.

50 चा फेस मिल तुमच्या मोटरला ओढवणार नाही, तीन चार इन्सर्ट एकदम खायला लागले की मशीन रडते. त्याऐवजी फ्लाय कटर, म्हणजे एका गोल तुकड्यात तिरका बसवलेला एकच एचएसएस बिट. आणि तो विकत घेऊ नका, बनवा. लेथवाल्याकडून 40 च्या एमएस बारला पुढं 12 चा शँक काढून घ्या, तिरकं भोक आणि दोन ग्रब स्क्रू तुम्ही घरी करा, 6 चा एचएसएस बिट ग्राइंडरवर घासा. बिट 50 व्यासात फिरत असला तर ॲल्युमिनियममध्ये 450 – 500 आरपीएम, कट अर्ध्या एमएमच्या आत. पहिल्यांदा सपाट झालेली प्लेट बघून तुम्ही शेजाऱ्याला बोलावून दाखवणार, लिहून देतो.

रोटरी टेबल छान वस्तू आहे पण 15 हजारात नाही. फ्लँजला 30 च्या पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 6 भोकं पाडायचीत ना, तर मधोमध शून्य धरा आणि हँडलवर मोजून पाडा: पहिलं (15, 0), दुसरं (7.5, 12.99), मग चिन्हं बदलत जा. साइन कोसाइन दहावीच्या पोरांकडून काढून घ्या पाहिजे तर. फक्त प्रत्येक भोकाला हँडल एकाच दिशेनं फिरवून यायचं, पुढं गेलं तर बरंच मागं जाऊन परत यायचं, नाही तर स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे आट्यांतला ढिलेपणा, मापात घुसतो. कट घेताना पण याच बॅकलॅशमुळं अप मिलिंगच करा, म्हणजे जॉब कटरच्या फिरण्याच्या उलट्या दिशेनं द्यायचा, डाऊन मिलिंग केलं तर कटर टेबललाच खसकन ओढून घेतं.

क्लॅम्पिंग सेट तुमच्या यादीतली एकमेव वस्तू जी मी पूर्ण खोडणार नाही, पण 58 नग कशाला. टेबलची टी खाच आधी मोजा, 10 ची, 12 ची का 14 ची, आणि त्या मापाचे चार टी नट आणि स्टड घ्या, पट्ट्या एमएस फ्लॅटच्या स्वतः करा. बांधताना बोल्ट जॉबच्या जवळ आणि पॅकिंगच्या (पट्टीच्या मागच्या टोकाखालच्या आधाराच्या) लांब, पट्टीची मागची बाजू केसभर उंच. पॅरलल ब्लॉकपण सध्या नकोत, एकाच मापाचे दोन नवे एचएसएस टूल बिट जॉबखाली घातले की झालं, ग्राइंड केलेलेच असतात. एज फाइंडर नको, पतंगाचा कागद थुंकीनं जॉबला चिकटवा, फिरतं कटर हळू जवळ आणा, कागद फर्रकन उडाला की कड सापडली. कागदाची जाडी आणि कटरचा अर्धा व्यास धरायला विसरू नका. बोटं लांब ठेवून हां.

तर 15 हजाराचं असं करा, ही किमतींची यादी समजू नका, वाटप समजा, दुकानागणिक इकडं तिकडं होईल: 5 हजार वाइसला, 3 हजार कोलेट चक आणि तीन कोलेटला, अडीच हजार डायल आणि बेसला, 2 हजार कटर, सेंटर ड्रिल आणि बिटला, हजार टी नट स्टडला, 500 चा गॉगल, ब्रश आणि कटिंग ऑइल. हजार उरले पाहिजेत, त्यांना हात लावू नका, पहिलं कटर महिन्याभरात तुटणार आहे. गॉगल डोक्यावर नाही डोळ्यावर, हातमोजे अजिबात नाहीत, आणि चिप्स ब्रशनं काढायच्या, बोटानं नाही.

ड्रॉबारच्या आट्याचं माप आणि टी खाचेचं माप मला कळवा, होल्डरची ऑर्डर तोवर थांबवा. आणि त्या कागदाच्या चिंध्यांचं काय झालं ते पण लिहा, दोन निघाल्या का चारी.